पुंजाभाऊंच्या दुकानाचा हार

लग्नाचे फोटो काढणाऱ्या माणसाच्या वेबसाइटवर एकही फोटो नाही, असं कधी पाहिलंय तुम्ही? मी पाहिलंय, कारण ती मीच बनवली आहे. पांढरं पान, वर 'मंगल फोटो स्टुडिओ, जानेफळ', खाली फोन नंबर, संपलं. नवरी नाही, नवरा नाही, साधं तोरणसुद्धा नाही. माझ्या कॉम्प्युटर क्लासमधल्या मुली ती उघडतात आणि म्हणतात, "मॅडम, लोड नाही झालं वाटते." झालंय बायांनो, पूर्ण लोड झालंय. ज्यांच्यासाठी ती बनवली त्या पुंजाभाऊंनी मला आयुष्यात जेवढे झटके दिले, तेवढे आमच्या क्लासच्या विजेच्या बोर्डानंही दिले नाहीत. आणि जानेफळात राहणाऱ्याला विजेचा बोर्ड काय चीज असते ते सांगावं लागत नाही.

पुंजाभाऊ म्हणजे उंच, वाळकुंडा माणूस. अंगात बारा महिने तोच पांढरा सफारी, खिशाला पेन, आणि आवाज असा की भोंग्याची गरज नाही. दुकानात बसले की गरीब गाय. पण गळ्यात कॅमेरा अडकवून मांडवात शिरले की साक्षात हुकूमशहा. एका लग्नात मी पंगतीला बसायच्या बेतात होते. स्टेजवर तालुक्याचे एक मोठे पुढारी नवरा-नवरीला खेटून उभे होते, बाजूला त्यांचे दोन-चार चेले, आणि मुलीचा बाप बिचारा कडेला टोपी सावरत होता. पुंजाभाऊंनी कॅमेरा खाली केला. "साहेब, तुमी जरा खाली उतरा. पोरीचा बाप फ्रेमात बसून नाही राह्यला." माझ्या हातातलं ताट पडायचं राहिलं. मनात म्हटलं, गेला हा माणूस, उद्या याचं दुकान जाग्यावर राहत नाही. पुढारी हसले, कारण एवढ्या लोकांसमोर दुसरं करतात काय, आणि खरंच उतरले.

बिदाईच्या वेळेला तर त्यांचा भल्ला तमाशा असे. नवरीची आई हंबरडा फोडायला लागली की हे ओरडायचे, "थांबा माय, आत्ता नोका रडू, रीळ बदलून राह्यलो!" आणि देवाशप्पथ सांगते, ती बाई थांबायची. पदर नाकाला लावून, हुंदका गिळून, त्यांच्या हाताकडे बघत उभी राहायची. मग हे म्हणायचे, "हं, आता रडा," की पुन्हा सुरू. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला इतका राग आला! ही काय माणुसकी झाली? नंतर कधीतरी मी त्या बायांना अल्बम पाहताना पाहिलं. तेच पान उघडून बसतात.

आणखी एक खोड होती त्यांची. मुलीचा बाप लग्न लागेपर्यंत उपाशी असतो ना, तसे हेही उपाशी राहायचे. सकाळपासून नुसता चहा. पंगती उठून जायच्या, भटजी जेवून जायचे, बँडवाले दोनदा जेवायचे, आणि पुंजाभाऊ सगळ्यात शेवटी मुलीच्या बापाशेजारी पाट घेऊन बसायचे. त्यांची बायको, आमच्या मंदामावशी, म्हणायच्या, "लग्न दुसऱ्याच्या पोरीचं, आन् पित्त खवळते आमच्या घरात."

बीटी कपाशीचं बियाणं नवीन नवीन आलं तेव्हा त्यांच्याकडे एक तारीख रिकामी नव्हती. झाडं बोंडांनी लदबदलेली, लोकांच्या अंगात वारं भरलेलं. ज्याच्या घरात सायकल नव्हती त्यानं घोडा आणि व्हिडिओ सांगितला. मग पावसानं दगा दिला, फवारण्या वाढल्या, पुढं तर अळी बीटीलाही भीक घालेना. लग्नं काही थांबली नाहीत, लग्नं कशी थांबतील? फक्त एका मांडवात पंचक्रोशीतली जोडपी ओळीनं उभी राहू लागली. सामूहिक विवाह. सगळ्या नवऱ्या एकाच ठाणातल्या शालूत, सगळे नवरदेव एकाच रंगाच्या फेट्यात. पुंजाभाऊ तिथंही जायचे. जाताना दुकानातला निळा पडदा घेऊन जायचे, मांडवामागं दोन बांबूंना बांधायचे आणि एकेका जोडप्याला बोलवायचे. "इथं उभे राहा. या फोटोत दुसरं कोनीच नाही. हे तुमचं एकट्याचं लग्न हाय." पडद्याची गोष्ट साऱ्या जानेफळाला माहीत होती. त्याचं कौतुकही होतं. मला वाटायचं, गोष्ट तेवढीच आहे.

मग मोबाइलचं राज्य आलं. गावातली पोरं पुण्याला कंपन्यांत लागली, लग्नाचा फोटोवाला तिथं बसून बोटानं ठरवू लागली, आणि चिखलीची दोन पोरं आकाशात ड्रोन उडवून आमच्या तालुक्यातल्या तारखा उचलून नेऊ लागली. तेव्हा एका दुपारी पुंजाभाऊ सीडींनी भरलेली कापडी पिशवी घेऊन माझ्या क्लासमध्ये आले.

"ताई, माही साइट काढून द्या. या साली तारखा नाही आल्या तर शटर ओढा लागते."

एरवी स्वतःबद्दल चकार शब्द न काढणारा माणूस. मी लगेच हो म्हटलं.

साइट कशी पाहिजे ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं, किंवा तसं त्यांना वाटत होतं. मी म्हटलं, पहिल्या पानावर तुमच्याबद्दल चार ओळी लिहू. "माह्याबद्दल कोन वाचते बे?" म्हणाले, आणि 'बे' तोंडातून गेला म्हणून जीभ चावली. "पहिल्या पानावर हसरी नवरी पाह्यजे. पोरगी नवरी पाहते, तिची माय दागिने पाहते, बाप रेट पाहते. रेट एकदम शेवटी टाका." मी निवडलेला गुलाबी रंग त्यांनी हाणून पाडला. सनईचं संगीत पाहिजे म्हणाले, ते मी हाणून पाडलं. रोज काहीतरी नवीन. अर्धवट झालेली साइट माझ्या मोबाइलवर उघडून ते स्टँडवर एसटीची वाट पाहणाऱ्या बायांना दाखवून यायचे, आणि तोंड पाडून परत यायचे. "त्या म्हणे, नवऱ्या बारीक दिसतात. मोठ्या करा."

म्हणून मी नवऱ्यांचं वेगळं पान केलं. सीडींमधून निवडून निवडून फोटो काढले. काय सांगू, त्या माणसाच्या हातात जादू होती! उन्हात रापलेल्या पोरी, पण त्या निळ्या पडद्यासमोर अशा दिसत होत्या की त्यांना स्वतःलाही पटलं नसतं. मी सगळे फोटो चौकोनात शेजारी शेजारी लावले आणि खुर्ची मागं सारून पाहिलं.

सगळ्यांच्या गळ्यात एकच हार.

आधी वाटलं, मीच एक फोटो परत परत चिकटवला. चेहरे पाहिले तर वेगळे. हार मोठा करून पाहिला. लाल खड्यांचं पदक, आणि त्यातला डावीकडचा एक खडा बाकीच्यांपेक्षा काळपट. प्रत्येकीच्या गळ्यात, त्याच जागी. कानातले तेच, बिंदी तीच. जानेफळची पोरगी, मेहकरची पोरगी, कुठल्या कुठल्या तांड्यावरची पोरगी, आणि हार एकच! पुंजाभाऊ बाकड्यावर चहा पीत होते.

"भाऊ, हे काय हाय?"

ते जवळ आले, वाकून पाहिलं, आणि त्यांचा चेहराच उतरला. क्लासमधल्या पोरींना म्हणाले, "बाया हो, जरा बाहीर जाता काय?" पोरी गेल्या. मग म्हणाले, "दुकानाचा हाय."

एका सामूहिक विवाहात एक पोरगी फोटोला उभी राहिना. पदरानं गळा झाकून घेतला होता तिनं. आई म्हणाली, मणी-डोरलं सोडून काही नाही हो भाऊ गळ्यात, तिला लाज वाटते. पुंजाभाऊ पुढच्या बाजाराला मेहकरला गेले आणि खोट्या दागिन्यांचा एक सेट घेऊन आले. घरी आणेपर्यंतच त्याचा एक खडा पडला, तर मंदामावशींनी तिथं नेलपॉलिश भरलं. कॅमेऱ्याच्या बॅगेत, लेन्सच्या कप्प्यात तो सेट राहायचा. पडद्यामागं आईनं पोरीच्या गळ्यात घालायचा, फोटो झाला की काढून परत द्यायचा.

"पोरीले मालूम, तिच्या मायले मालूम. तिसऱ्याले नाही. मी शब्द देल्ला हाय एकेकीले," ते म्हणाले. "अल्बम ज्याच्या त्याच्या घरात राह्यते, ताई. एक अल्बम दुसऱ्याले कधी भेटत नाही. तुमी तर साऱ्याईले एका जागी आनून बसवलं!"

"पण भाऊ, नवऱ्या काढल्या तर साइटीत उरते काय? पंगतीचे फोटो? घोडा?"

"तुमी काढा."

काढल्या. दुसऱ्या कुठल्या नवऱ्या टाकाव्या तर त्यांच्याकडे होत्या कुठं? गेल्या कित्येक वर्षांतली पैसेवाल्यांची लग्नं चिखलीवाल्यांनी नेली होती. मी चिडून दोन दिवस साइटीला हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी दुकानात शोभा आली. हिवरा आश्रमाच्या पलीकडच्या एका खेड्यात दिलेली पोरगी, वय फार नाही, पण चेहरा पार सुकलेला. मी तेव्हा दुकानातच होते, साइटीवरून भांडायलाच गेले होते. तिनं पिशवीतून स्वतःच्या लग्नाचा फोटो काढून काउंटरवर ठेवला.

"भाऊ, हा हार तुमचा होता. आमच्या घरी येऊन एवढंच सांगा."

तिच्या सासरी वाटणी निघाली होती. लग्न झालं तेव्हा घरात मोठे होते त्यांना सून अंगावर काय घेऊन आली ते ठाऊक होतं, पण सासू-सासरे वारले. नंतर आलेल्या जावेनं तो फोटो भिंतीवर पाहिला आणि धरूनच बसली. हिचं एवढं सोनं होतं, ते हिनं माहेरी दडवून ठेवलं, आता आमच्या हिश्शात हात घालते. नवऱ्याला तर लग्नाच्या गडबडीत बायकोच्या गळ्यात काय होतं तेही आठवत नव्हतं. तोही आता फोटोकडे बघून विचारायला लागला होता. शोभाची आई, जिनं पडद्यामागं तो हार तिच्या गळ्यात घातला, ती दोन वर्षांमागं गेली. "मले घरात चोर म्हणून राह्यले, भाऊ. लेकरायसमोर म्हणतात," ती म्हणाली, आणि काउंटरवरचा फोटो उलटा करून ठेवला.

पुंजाभाऊ त्याच क्षणी हाराचा डबा घेऊन तिच्यासोबत गेले. मला वाटलं, मिटलं. डोळ्यासमोर हार ठेवला की विषय संपला. संध्याकाळी ते परत आले ते पायरीवरच बसले.

"काय झालं?"

"जाऊ म्हणते, म्हंजे हिनं तुमालेच विकला! आन् तिच्या नवऱ्यानं माह्यासमोर तिले विचारलं, का वं, किती घेतले?"

खरं बोलायला गेलेला माणूस आणि त्या पोरीला आणखी खोल ढकलून आला! मग माझं डोकं तडकलं. मी म्हटलं, भाऊ, त्यात काय एवढं, ते नवऱ्यांचं पान माझ्याकडे अजून आहे. उद्या लॅपटॉप घेऊन जाऊ, साऱ्या पोरींच्या गळ्यात एकच हार दाखवू, त्या जावेची बोलती बंद.

ते ताडकन उठले. इतक्या वर्षांत माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता.

"एकीचं झाकाले साऱ्याईचं उघडं पाडू काय? त्यातल्या दोघी तिच्याच गावात देल्ल्या हायेत! उद्या त्याईच्या घरात हेच सुरू झालं तं तुमी जासान काय तिथं लॅपटॉप घेऊन?"

ते पुन्हा बसले. मग म्हणाले, "एकच फोटो दाखवता येते. तो कोनाच्या बापाले विचारा लागत नाही."

आत जाऊन त्यांनी कपाटातून एक अल्बम आणला आणि माझ्यासमोर उघडला. संगीताचा. त्यांच्या स्वतःच्या मुलीचा! देऊळगाव राजाला दिलेली संगीता. शोभाच्या लग्नाच्याही आधी झालेल्या तिच्या लग्नात मी जेवले होते. साधं लग्न, पण पोरीच्या गळ्यात भरगच्च लाल खड्यांचा हार. आम्ही बायका पंगतीत बसून कुजबुजत होतो की काहीही म्हणा, पुंजाभाऊनं पोरीला सोन्यानं मढवलं. मी त्या पदकावर बोट ठेवलं. डावीकडचा खडा काळपट होता.

"भाऊ!"

"कपाशी नव्हती माही, पन ज्याईची होती त्याईच्याच लग्नावर मी जगत होतो ना, ते बुडाले तसा मीबी बुडालो," ते म्हणाले. "विहीनबाईनं हार पाहूनच पसंती देल्ली. मंग म्या सांगतलं, घरात ठेवनं बरं नाही, मेहकरच्या लॉकरात ठेवला हाय. अजूनही लॉकरातच हाय त्याईच्या हिशोबानं. दर दिवाळीले विचारतात."

दुसऱ्यांच्या पोरींच्या गळ्यात पाच मिनिटं. आणि स्वतःच्या पोरीच्या गळ्यात हा हार इतकी वर्षं! मी त्या माणसाकडे पाहतच राहिले. राग येत होता, कीव येत होती, दोन्ही एकदम.

त्यांनी तिथंच संगीताला फोन लावला. स्पीकर मला लावायला सांगितला. शोभाची सगळी हकीकत सांगितली, आणि शेवटी म्हणाले, "तुहा फोटो दाखवा लागते, बाई. पन दाखवला का तुह्या घरी समजनच. तू नाही म्हणशीन तं मी नाही दाखवत."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग संगीता म्हणाली, "बाबा, दर दिवाळीले लॉकरचं निघालं का मी उठून आत जाते. तुमी नोका सांगू, तुमाले बोलता येत नाही. सासूले मीच सांगीन."

तिनं त्याच दिवशी सांगितलं असणार. कारण दोन दिवसांनी आम्ही शोभाच्या घरी पोचलो, तर अंगणात बाजेवर संगीता बसलेली आणि तिच्या शेजारी डोक्यावरून पदर घेतलेली तिची सासू. पुंजाभाऊ फाटकातच थबकले. विहीणबाई येतील हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. ऑटोत येताना ते मला एकच सांगत होते, "साइटीवर आता कोन्याच पोरीचा फोटो नोका टाकू. नाव आन् नंबर, बस. येईन त्याचा फोन येईन." त्यांना समोर कोण बसलंय हे तेव्हा ठाऊक असतं तर ऑटो अर्ध्या वाटेतून फिरवला असता, असं मला वाटतं.

बैठक बसली. शोभाचा नवरा, दीर, जाऊ, गावातले दोन जाणते. पुंजाभाऊंनी शोभाचा फोटो आणि संगीताचा फोटो शेजारी ठेवले, मधे तो हार. त्यांना बोलायचं होतं, पण ते नुसते फोटोंच्या कडा सरळ करत बसले. मांडवात पुढाऱ्याला खाली उतरवणारा माणूस! संगीतानं तोंड उघडलं, तर जाऊ म्हणाली, "पोरगी बापाच्याच बाजूनं बोलन ना!"

तेव्हा विहीणबाई बोलल्या. आवाज चढवला नाही.

"मी त्यांच्या बाजूची नाही. मी नवरदेवाची आई. या पोरीच्या आधी माझ्या पोराचं लग्न झालं, तेव्हाही हाच हार होता, म्या माझ्या डोळ्यांनी पाहिला. सोन्याचा आहे म्हणून सांगितलं, म्या विश्वास ठेवला. तो खोटा आहे हे मला परवा कळलं." मग शोभाकडे हात केला. "या पोरीनं काही विकलं नाही, काही लपवलं नाही. फसलं असेल कोणी तर मी फसले. तिला कशाला चोर म्हणता?"

जावेनं फोटो उचलून पाहिला, पुन्हा पाहिला, आणि खाली ठेवला. शोभाचा नवरा उठून आत गेला, बाहेर आला, परत आत गेला. गावातला एक जाणता म्हातारा म्हणाला, "झालं मंग. वाटनीचं बोला आता." शोभा भिंतीला टेकून बसली होती ती तोंडात पदर कोंबून रडायला लागली. इतकी रडली की तिची लेकरं घाबरून तिला बिलगली.

विहीणबाई निघाल्या. संगीता त्यांच्या मागोमाग. पुंजाभाऊंनी घाईघाईनं रांजणातून तांब्या भरून घेतला आणि फाटकाशी जाऊन दोन्ही हातांनी पुढं केला.

"विहीनबाई, उन्हातान्हात आल्या. घोटभर पानी तरी घ्या."

त्या थांबल्या. मला वाटलं, घेतील. एवढं मोठं मन दाखवलेली बाई, घेईल.

"सुनेला मी बोलणार नाही," त्या म्हणाल्या. "तिनं मला तोंडावर सांगितलं. त्या पोरीवर आळ होता म्हणून आले. पण तुम्ही दर दिवाळीला माझ्या घरी येऊन, माझ्या हातची पोळी खाऊन, मला लॉकर सांगत होता. तुमच्या हातचं पाणी मी पिणार नाही."

संगीता बापाकडे पाहत होती. सासू ऑटोत बसली तशी तीही बसली. ऑटो वळला, धूळ उडाली, आणि रस्ता मोकळा झाला.

पुंजाभाऊ तसेच उभे. शोभा डोळे पुसत आली आणि त्यांच्या हातातला तांब्या घेऊ लागली. "द्या भाऊ, बसा थोडे." त्यांनी दिला नाही. दोन्ही हातांनी घट्ट धरून, गेलेल्या ऑटोच्या दिशेनं तसाच पुढं केलेला ठेवला.